नळाखाली गाणारा सलामीवीर

मला एक वाईट खोड आहे. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही, तर मला घास गिळवत नाही. शिवणकामात ही खोड उपयोगी पडते. गिऱ्हाइकाचा कोट खांद्यात ओढतोय, तर का ओढतोय हे कळेपर्यंत मी शिवण उसवत बसते. माणसांच्या बाबतीत मात्र लोकांना ते खपत नाही. "तुला गं कशाला नसत्या चौकशा?" हे ऐकत माझे केस पांढरे झाले. पण जित्याची खोड ती, जाणार कशी?

ज्याच्याबद्दल मी सगळ्यात जास्त चौकशा केल्या, तो माझा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात, बस डेपोत आणि मैदानावर नळ्या. नळ्या का, ते सांगते; पण त्याआधी आमचं घर कळायला हवं. खाली रस्त्याच्या अंगाला माझं शिवणाचं दुकान, वर धाकटा आणि भावजय. त्यांच्या न्हाणीघराचा पाइप माझ्या मशीनच्या मागच्या भिंतीवरून वर गेलाय. वर नळ सोडला की पाइप आधी खाकरतो, मग थरथरतो, आणि वरचं सगळं त्यातून खाली ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. आता कानाशीच पाइप असेल तर माणसानं करायचं काय?

त्या पाइपातून मी कैक वर्षं गाणं ऐकलं. नळ धो धो सोडलेला आणि पाण्याच्या वरून धाकट्याचा आवाज. मोकळा, भरदार, कुणाला भीक न घालणारा आवाज. गंमत अशी, की तो रोज गायचा नाही. क्रिकेट खेळून आणि बाद होऊन आला, तरच गायचा. शतक ठोकून आला तर मुकाट आंघोळ करून जेवायला बसायचा. शून्यावर बाद झाला, की एकामागून एक गाणी. त्याच्या खेळायच्या पांढऱ्या पँटी मीच शिवायचे, गुडघ्यावर दुहेरी कापड लावून. पँट धुळीनं माखून आली तर समजायचं, आज पाइप गप्प राहणार. पँट स्वच्छ आली, की मी मशीन थांबवून भिंतीला कान लावायचे.

"बाद झाल्यावर कसलं रे गाणं सुचतं तुला?" मी विचारायचे.

"तुला काय करायचंय, ताई?"

झालं. ताकास तूर लागू द्यायचा नाही.

डेपोच्या भांडारात तो कामाला होता. टायर, आरसे, नट, दिव्यांच्या काचा, सगळं त्याच्या ताब्यात. आणि डेपोच्या संघाचा तो सलामीवीर. उंची बेताची, अंगात ताकदही बेताचीच, पण नव्या चेंडूसमोर असा चिकटून राहायचा की गोलंदाजालाच कंटाळा यावा. बाहेर जाणारा चेंडू सोडून द्यायचा आणि पुन्हा त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. चौकार मारला तरी तोंडावरची रेष हलत नसे. लोक बघायला यायचे ते मात्र त्याच्या फटक्यांसाठी नव्हे, तो बाद कसा होतो ते बघायला.

कारण बॅटची कड लागून झेल गेला, की हा निघाला. अंपायरकडे बघणं नाही, कीपरकडे बघणं नाही. बॅट काखेत, मान एकदा होकारार्थी हलवायची आणि खाली घालायची, की तडक तंबूकडे. कीपर ओरडायला तोंड उघडेपर्यंत हा अर्ध्या वाटेत. आमचे वडील दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे. ते म्हणत, "काटा कलला की कलला. काटा कुणाला विचारत बसत नाही." माझ्या डोक्यावरून ते वाक्य वाऱ्यासारखं गेलं, धाकट्याच्या डोक्यात घर करून बसलं. लहानपणी गल्लीत मी त्याला बोलिंग टाकायचे. एकदा मी म्हटलं, "अरे, लागली नाही, मला आवाज आला नाही." तर म्हणे, "मला आला." आणि बॅट माझ्या हातात देऊन जिन्यावर जाऊन बसला. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायचा आणि तेवढाच रागही यायचा. चांगुलपणाचंसुद्धा अति झालं की माती होतेच ना.

तशी ती झाली. मोठ्या संघासाठी खेळाडू निवडायचे होते आणि निवडणारे दोघेजण आमच्या मैदानावर येऊन खुर्च्या टाकून बसले होते. धाकट्याची वर्णी आज लागली तर लागली, हे डेपोतल्या झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी पण गेले होते, सोबत उसवायचं काम घेऊन. अंपायर होते चौकातले घड्याळवाले काका. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा कोट चढवून मैदानात उभे राहायचे. अतिशय काटेकोर माणूस. त्यांचा तो कोट मीच शिवलेला, म्हणून माझं लक्ष अधूनमधून कोटाच्या पाठीकडे जात होतं.

धाकटा सुरेख खेळत होता. खुर्चीवरचे दोघे एकमेकांकडे बघून माना हलवायला लागले होते. तेवढ्यात वारा सुटला. गोलंदाज धावत आला आणि त्याचा पाय रेषेच्या पुढे पडला. काकांनी "नो-बॉल" असं ओरडून हात आडवा केला. नो-बॉलवर झेल घेतला तरी फलंदाज बाद नसतो, हे मला शिवणवालीलाही माहीत आहे. पण वाऱ्यानं काकांचा आवाज भलतीकडेच नेला. चेंडू कडेला लागला, कीपरनं झेल घेतला. आणि धाकट्यानं मान हलवली, बॅट काखेत मारली आणि निघाला.

"अरे, नो-बॉल, नो-बॉल! मागे फिर!" सगळं मैदान ओरडायला लागलं. मी कापड टाकून उभी राहिले आणि घसा फोडून ओरडले. त्याला तो समोरच्या संघाचा जल्लोष वाटला असणार. मान खाली, झपाझप पावलं, आणि गेला तो थेट पॅव्हेलियनच्या मागच्या न्हाणीघरात. पत्र्याचं दार, आतून कडी. मग नळ सुटला. मग गाणं सुरू झालं.

संघाचा बारावा गडी, एक दणकट बेकरीवाला, धावत जाऊन दार बडवायला लागला. आतून आवाज आला, "झालंच, थांब जरा." ह्याला वाटलं, कुणाला तरी घाई आहे. बेकरीवाला अजून जोरानं बडवायला लागला, तसा हा अजून जोरानं गायला लागला. मैदानात काका हात आडवा धरून उभे. पण नवा फलंदाज ठरलेल्या वेळेत आला नाही तर तोही बाद होतो. कप्तान तरी किती थांबणार? त्यानं नव्या गड्याला पाठवलं, आणि तो बिचारा गोगलगायीसारखा चालत, बुटाची नाडी पुन्हा पुन्हा सोडून बांधत, जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढत क्रीजवर पोचला. काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. पुढचा चेंडू पडला. एकदा पुढचा चेंडू पडला की गेलेल्या गड्याला परत बोलावता येत नाही, असा नियम आहे.

धाकटा केस पुसत बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते. बेकरीवाल्यानं काय झालं ते सांगितलं. धाकट्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. मग एवढंच म्हणाला, "कड तर लागली होती ना."

मी कपाळावर हात मारला.

निवडणाऱ्यांपैकी एकजण उठता उठता म्हणाला, "ज्याला मागची हाक ऐकू येत नाही, तो दुसऱ्याच्या हाकेवर धाव कशी काढणार?" दुसरा हसला. मोठा संघ राहिला तो राहिलाच. आणि दुसऱ्या दिवशी डेपोत कुणीतरी हाक मारली, "काय नळ्या, झाली का आंघोळ?" ते नाव जे चिकटलं, ते चिकटलं. धाकट्यानं कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. तो डेपोकडून खेळत राहिला, कड लागली की निघत राहिला, आणि पाइपातून गाणी येत राहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

पुढे त्याचा गुडघा गेला. धाव घेताना पाय मुरगळला तो नीट बसलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता चालायचं, धावायचं नाही. बॅट कपाटावर गेली, पँटी माझ्याकडे आल्या, म्हटलं त्यांच्या पिशव्या शिवू. आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती मात्र घरात दुसऱ्या कुणाच्या आली नव्हती. पाइप गप्प झाला होता. पाण्याचा आवाज यायचा, गाणं नाही. बाद होणंच संपलं, तर गाणार कशाला?

धाकटा डेपोतून यायचा, जेवायचा, खिडकीत बसायचा. भावजय मोठी समजूतदार, पण एक दिवस तीसुद्धा खाली येऊन माझ्यासमोर बसली. "ताई, वर नवरा आहे की कपाट, काही कळेनासं झालंय," म्हणाली. हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. मला धाकट्याची फार काळजी वाटायला लागली.

मग एका दुपारी भांडारात त्याच्या हातून घोळ झाला. एका बसचा आरसा दुसरीला दिला आणि साहेबानं सगळ्यांदेखत झापलं. घरी आला तो सरळ न्हाणीघरात. माझ्या दुकानात त्या वेळी एक बाई झग्याची लांबी कमी करून घ्यायला उभ्या होत्या, मी तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पायाशी बसले होते. पाइप खाकरला, थरथरला आणि गायला लागला.

बाई म्हणाल्या, "कुठलं स्टेशन लागलंय हो हे?"

मी टाचण्या काढून म्हटलं, "स्टेशन नाही. आंघोळ चाललीय."

बाई अर्धा झगा टाचलेला, तशाच जिना चढून वर गेल्या. भावजय सांगते, "मी भाजी चिरत होते आणि एक अनोळखी बाई टाचण्यांसकट माझ्या घरात शिरली, न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभी राहिली, आणि मला म्हणाली, श् श्." गाणं संपलं तेव्हा बाई दाराशीच बोलल्या, "अंग पुसून झालं की माझ्याकडे या. छापखान्याच्या वर राहते मी. गाणं शिकवते."

गाण्याच्या बाईंचा कामगार क्लबात एक वाद्यवृंद होता. हॉलमध्ये त्यांचे कार्यक्रम व्हायचे आणि त्यांचा जुना गायक दुसरीकडे निघून गेला होता. धाकटा त्यांच्याकडे जायला लागला. खालच्या छापखान्याची यंत्रं खडखडत असायची, वर बाई पेटी घेऊन बसायच्या. धाकट्याचा चेहरा बदलला. जिना चढताना गुडघ्याला हात लावायचा विसरायला लागला. जेवताना दुसऱ्यांदा आमटी मागायला लागला. भावजयीनं मला हळूच सांगितलं, "ताई, काल हे माझ्याशी आपणहून बोलले हो." मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसले सुटतोय. थोड्याच दिवसांनी बाई दुकानात आल्या, त्याच झग्यात. "तुमच्या भावाला माझं काही लागलंय का?" म्हणाल्या.

"का हो?"

"मधेच उठून जातात. छान गात असतात. एखादा सूर जरासा खाली पडतो, कुणाचाही पडतो, माझासुद्धा पडतो. तर हे मान हलवतात, चपला घालतात आणि जिना उतरून जातात. मी वरून ओरडते, अहो, अजून अख्खं गाणं राहिलंय. मागे वळून बघत नाहीत."

मला एकाच वेळी हसू आलं आणि धास्तीही वाटली. मान हलवून निघून जाणं मी आयुष्यभर बघितलं होतं. धाकट्याला मी समजावलं. बाबा रे, ते क्रिकेट, हे गाणं. इथे एक चूक झाली म्हणून डाव संपत नाही, पुढची ओळ असते. तो म्हणाला, "कळतं गं ताई, पण पाय निघतात." पालथ्या घड्यावर पाणी.

क्लबाच्या हॉलमध्ये तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा डेपोतले सगळे आले होते. मी त्याला नवा सदरा शिवला होता. गाणं सुरू झालं, लोक सावरून बसले. तिसऱ्या ओळीला काहीतरी चुकलं म्हणे. मला तर कळलंही नाही. धाकट्यानं मान हलवली, माइक दांडीवर अडकवला, मान खाली घातली आणि आत निघून गेला. वाजवणारे वाजवतच राहिले, त्यांना कळेना थांबायचं की नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "नळ आटला!" हॉल हसला. आणि मग, काय सांगू, रंगमंचामागच्या न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला आणि तेच गाणं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जसंच्या तसं ऐकू आलं. आता मात्र कुणी हसलं नाही. तीच तर खरी लाज होती. येतंय सगळं, पण दाराच्या आत.

बाई चिडल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. "पुढच्या कार्यक्रमात आणखी एकदा उभं करीन. तेव्हाही अर्ध्यात गेलात तर मला दुसरा गायक बघावा लागेल. वाजवणाऱ्यांना मी काय तोंड दाखवू?"

त्या संध्याकाळी धाकटा वर गेलाच नाही. माझ्या दुकानात कापडाच्या ढिगावर बसून राहिला. मी काजं करत होते. तो म्हणाला, "ताई, खेळ गेला. हेही गेलं तर मी करू काय?" एवढ्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी माझं नेहमीचंच केलं, उलट प्रश्न विचारला.

"नळाखाली तू एकदाही मधे थांबत नाहीस. का?"

 मला वाटलं आता म्हणेल, तुला काय करायचंय. पण तो म्हणाला, "नळ सोडलेला असला की चुकलेलं ऐकू येत नाही."

मी सुई खाली ठेवली. म्हणजे एवढी वर्षं हा बाद होऊन आला की गात होता ते मजेसाठी नव्हे. दिवसभरात ती एकच जागा अशी, जिथे ह्याला स्वतःचा काटा बघता येत नव्हता. मला माझ्या भावाची इतकी दया आली की मी उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं फिरवू दिला.

पण माझी खोड काही तिथे थांबली नाही. ह्याला बाद म्हणतं कोण? दुसऱ्या दिवशी मी चौकात घड्याळवाल्या काकांकडे गेले. आता ते बरेच थकले होते, अंपायरचं काम सोडलेलं, पण भिंग तेच. मी हातातलं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. त्यांनी ते कानाशी धरलं, मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं.

"हे उत्तम चालतंय," म्हणाले. "तुम्ही कशाला आलात?"

मी म्हटलं, "काका, माझ्या भावाला तुम्ही किती वेळा बाद दिलंत?"

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. "झेलबाद? एकदाही नाही. माझं बोट वर जायच्या आत तो निघालेला असायचा. अपील व्हायचं, मी निर्णय द्यायला बघतो तर समोर फलंदाजच नाही. अंपायरला किती ओशाळं वाटतं, तुम्हाला कल्पना नाही." मग ते थोडं हसले. "बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असायचं, हेही खरं."

"आणि त्या दिवशी?"

त्यांनी एक छोटा स्क्रू चिमट्यानं उचलून डबीत टाकला. "त्या दिवशी नवा गडी येईपर्यंत मी हात आडवाच ठेवला होता. खांदा भरून आला. एकदा सांगून झालं की हात खाली घ्यायचा असतो, तेवढं मला कळतं. पण वाटलं, हा एकदा तरी मागे वळून बघेल. बघितलं असतं तर दिसला असता हात." मग म्हणाले, "अंपायरनं मैदान सोडायचं नसतं. नाहीतर मीच गेलो असतो दार बडवायला. अजून मनातून जात नाही ते."

"पुढच्या रविवारी क्लबात तो गाणार आहे. याल?"

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं? माझ्याशेजारी बसा."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी हॉलच्या दाराशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी आणि भावजय पुढच्या रांगेत होतो, त्यांना मधे बसवलं. भावजयीनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. बाईंनी पेटीवरून एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण मागच्या खुर्चीवर एक नवखा तरतरीत गायक आणून बसवलेला होता, तो मला दिसला. धाकट्यालाही दिसला असणार.

गाणं बाईंनी स्वतः बांधलेलं होतं, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं. ऐकायला साधं, पण "वारा" शब्दावर आवाज वर चढवून तिथेच धरून ठेवायचा होता. धाकट्यानं सुरुवात छान केली. पहिलं कडवं गेलं. माझा जीव टांगणीला लागलेला, पण मनात म्हटलं, आज जातंय वाटतं पार. दुसऱ्या कडव्यात वारा आला आणि त्याचा आवाज घसरला. या खेपेला मलाही कळलं. सगळ्यांनाच कळलं.

धाकट्याची मान हलली. त्यानं माइक दांडीवर अडकवला. भावजयीनं डोळे मिटून घेतले. तो वळला, मान खाली घातली आणि पडद्याकडे चालायला लागला.

माझ्याशेजारची खुर्ची करकरली. काका उभे राहिले होते.

"नो-बॉल!"

म्हातारा माणूस, पण आवाज असा निघाला की वाजवणारेसुद्धा दचकले. तिथे वारा नव्हता, पाणी नव्हतं. पडद्याशी पोचलेला धाकटा थांबला. मी बघत होते, त्याची पाठ बघत होते. मनात म्हटलं, बघ रे, एकदा मागे बघ. आणि माझ्या भावानं मागे वळून बघितलं.

पुढच्या रांगेत काका उभे, उजवा हात खांद्यातून सरळ आडवा. अर्ध्या हॉलला ती जुनी गोष्ट ठाऊक होती. कुणी हसलं नाही, खोकलंही नाही. धाकटा त्या हाताकडे बघत हळूहळू परत आला. माइकपाशी येऊन थांबला. माइक चालू होता, त्यामुळे तो काय म्हणाला ते सगळ्यांना ऐकू आलं.

"लागली होती, काका."

"पाय पुढे होता," काका म्हणाले. "खेळ."

आता मात्र हॉल हसला, पण ते हसणं वेगळं होतं. बाईंनी वेळ न घालवता पेटीवर तीच ओळ पुन्हा वाजवली. धाकट्यानं माइक हातात घेतला, डोळे वर करून काकांकडे बघितलं आणि ती ओळ पुन्हा उचलली. वारा पार झाला. तिसऱ्या कडव्यात तो पुन्हा एकदा कुठेतरी चुकला. मला सुरातलं कळलं नाही, पण त्यानं पटकन आमच्याकडे बघितलं, त्यावरून कळलं. काकांचा हात अजून आडवाच होता. धाकट्याचे पाय जागचे हलले नाहीत. तो पुढच्या ओळीवर गेला.

काकांचा हात खाली झुकत होता आणि ते तो पुन्हा सरळ करत होते. मी उठून त्यांच्या कानाशी म्हटलं, "काका, हात खाली घ्या आता. गातोय तो."

"संपू दे," ते म्हणाले.

मग मी त्यांच्या कोपराखाली माझा हात धरला, आणि गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.